आधी परतायची वेळ ठरव

कोल्हापूर, रविवार

बाळा,

तुझा निरोप पोचला. मित्रांबरोबर पहिल्यांदाच होडीनं समुद्राकडे मासे धरायला जायचं म्हणतोस. कुठली काठी, कुठलं रीळ, गळ किती नंबरचा, असे अकरा प्रश्न मोजले. परत किती वाजता यायचं, हा त्यात नाही. म्हणून मी शेवटापासून सुरुवात करतो.

रंकाळ्याचं पाणी सकाळी जिथं असतं तिथंच संध्याकाळी असतं. समुद्र सव्वासहा तासांत पायाखालून निघून जातो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही तिघं होतो, होडी मागून घेतलेली, विचारलं कुणालाच नाही. देवगडच्या खाडीत ओहोटी लागलेली दिसत होती, पण गळाला शिंगाळा मासा लागत होता, उठवेना. होडी चिखलात बसली. ढकलायला उतरलो तर मांडीपर्यंत रुतलो. तिघांत एक बाटली पाणी आणि पाच तास ऊन. काठावर पोरं जमली, त्यांची करमणूक झाली.

संध्याकाळी होडीवाल्या आजोबांनी काही न बोलता पंचांग पुढ्यात ठेवलं. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, आला तो आकडा म्हणजे भरती पूर्ण होण्याची ढोबळ वेळ. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. आता भरतीचे तक्ते मोबाईलवर मिळतात, तेही बघ, पण हे गणित डोक्यात राहतं आणि त्याला रेंज लागत नाही.

तुला मी दशमी सुचवतो. साडेसातला भरती. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण नसतं, त्यामुळे पाण्याला फार ओढ नसते. सहाला निघा, भरती वळताना गळ पाण्यात असू द्या, दहाला धक्क्यावर. (एकादशी सव्वाआठची, ती जास्त सोयीची, पण एकादशीला मासे घेऊन आलास तर आईपुढे मी उभा राहणार नाही.)

दहाच का, तर वाऱ्यामुळे. पहाटे जमीन गार असते, वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, तो मतलई. जमीन तापली की उलटा, समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि दुपारी लहान होडीला लाटा अंगावर घ्याव्या लागतात. आता नीट वाच. साडेसातनंतर ओहोटी बाहेर ओढते आणि मतलईही बाहेरच ढकलतो. तेवढ्यात इंजिन बंद पडलं तर होडी आपोआप खाडीच्या तोंडाकडे, म्हणजे समुद्राकडे निघते. म्हणून नांगर आधी बघायचा, काठी नंतर. तीन वाव (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी लांबी) पाणी असेल तर पंधरा वाव दोर हवा. नुसता तळाला टेकलेला नांगर धरत नाही, दोर तिरका पडला की धरतो.

जागा देवगडच. वादळ आलं की गुजरात-कर्नाटकच्या बोटीसुद्धा त्या बंदरात आसऱ्याला येतात, यावरून काय ते समज. मालवणला नको: सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, गाभ्याच्या भागात मासेमारीला बंदी आहे, आणि पाण्याखालचे खडक नवख्याला दिसत नाहीत. दिवाळी ते शिमगा हे दिवस धर. 1 जून ते 31 जुलै बंदीचा काळ, तेव्हा विचारही नको. स्थानिक होडीवाला बरोबर हवाच. डिझेलसकट पैसे आदल्या संध्याकाळी बोलून घे. तो 'आज नको' म्हणाला तर घासाघीस करू नकोस, बंदरावर चहा पी आणि परत ये. तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू दे.

पुराच्या पाण्यात शिवाजी पुलावरून उड्या मारलेली पोरं तुम्ही, मला माहीत आहे. तरी लाइफ जॅकेट अंगात घालायचं, बुडाखाली घ्यायचं नाही.

सामानाचं थोडक्यात सांगतो. पहिल्या वेळी काठीची गरज नाही. हातात धरायची दोरी, शिसं, चार-पाच गळ आणि ताजी कोळंबी. कणकेचे गोळे इथंच ठेव. शिंगाळा लागला की हात लावू नकोस: पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन काटे ताठ उभे करतो, ते विषारी. ओलं पोतं टाकून दाबायचा, पकडीनं गळ काढायचा. तरी टोचलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात धर, ठणका उतरतो. मग डॉक्टर.

राधानगरीवरून फोंडा घाटानं जा, पण आदल्या दुपारीच. मध्यरात्री निघून पहाटे पोचायचा बेत तुम्ही आखला असणार. दाजीपूरच्या रस्त्यावर अंधारात गवे उभे असतात, आणि न झोपलेल्या माणसाला होडी लागते.

दिवाळीनंतरची दशमी कधी आहे ते कालनिर्णयात बघून कळव. गुडघा बरा असला तर होडीत एक जागा माझी.

तुझा,
काका