जमैकातलं घराणं शोधायचंय? आधी आजीला गाठ

गुलामांच्या नोंदवह्यांवर एकदम उडी मारू नकोस. मी मारली आणि दोन महिने घालवले. आधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचार, कारण हाकेचं नाव वेगळं, कागदावरचं वेगळं. मग १८७८ पासूनच्या सरकारी जन्म-मृत्यू नोंदी बघ, फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. आईबापांचं लग्न झालेलं नसेल तर बापाचा रकाना बहुधा कोराच. त्याआधीचं चर्चच्या वह्यांत. पॅरिश, म्हणजे तिकडचा जिल्हा, मात्र जपून: १८६७ मध्ये २२ च्या १४ केल्या, म्हणजे गाव तेच, पॅरिश दुसरी.

१८१७ ते १८३२ च्या गुलाम-नोंदींत माणूस मालकाच्या नावाखाली सापडतो, म्हणून मळा आणि मालक आधी शोध. नाव, वय, आफ्रिकेत जन्म की बेटावर, आणि नशीब असेल तर आईचं नाव. तेही नुसतं ‘फिबा’, म्हणजे शुक्रवारी जन्मलेली.