दिवसा शांत, रात्री लोळण

प्रश्न: आमची ३० फुटी शिडाची बोट आहे, उष्ण कटिबंधातल्या एका खुल्या बेमध्ये पाच मीटर पाण्यात नांगर टाकला, वीस मीटर साखळी सोडली. दिवसभर मस्त होती पण रात्री इतकी लोळायला लागली की झोप नाहीच, वर सकाळी बघतो तर नांगर घसरलेला. काय चुकलं?

उत्तर: आधी साखळीचा हिशोब. पाच मीटर तुम्ही ओहोटीला मोजलेत का? भरतीचे दोन धरा, नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची एक, म्हणजे झाले आठ, आणि पूर्ण साखळी असेल तर निदान पाचपट म्हणजे ४० मीटर हवी, दोर जोडलेला असेल तर सातपट. वीस मीटरवर स्वेलचा, म्हणजे दूरच्या समुद्रातून येणाऱ्या लांब लाटांचा, प्रत्येक हिसका नांगराला वर उचलणारच ना. साखळीला नायलॉनचा स्नबर, म्हणजे साखळी आणि बोट यांच्यामधला आखूड दोर, पण लावा, तो ताणला जातो आणि हिसका खातो. बोटीच्या कडेवर घासतो तिथे पाइपचा तुकडा चढवा, नाहीतर एका रात्रीत तुटतो.

आता लोळणं. बोट तोंड करते वाऱ्याकडे, स्वेलकडे नाही. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे, म्हणजे वारा आणि स्वेल दोन्ही समोरूनच. रात्री जमिनीवरून मतलई वारे सुटले की बोट फिरून जमिनीकडे तोंड करते आणि स्वेल मागून नाहीतर कुशीत येते. यावर उपाय म्हणजे मागचा छोटा नांगर किनाऱ्याकडे टाकून नाळ समुद्राकडेच धरून ठेवायची. फक्त शेजारी सगळे फिरणारे आणि तुम्ही एकटेच बांधलेले असाल तर टक्कर ठरलेली, आणि आडवा जोराचा वारा आला तर मागचा दोर सोडून द्यायची तयारी ठेवा.

नांगर पांढऱ्या वाळूच्या पट्ट्यातच टाका, प्रवाळात नको, ते मोडतं तर मोडतंच पण साखळी त्याला वेढा घालून बसली की चाळीस मीटरची पाचच मीटर उरते. इंजिन रिव्हर्सला टाकून ओढून बघा, मग पोहण्याचा चष्मा लावून पाण्यात उतरा, फाळ वाळूत गाडलेला दिसला पाहिजे.

आणि फोरकास्टमध्ये नुसती लाटेची उंची बघू नका, पिरियड, म्हणजे एका लाटेनंतर दुसरी यायला लागणारे सेकंद, बघा. १४ सेकंदांची स्वेल खोल समुद्रात जवळजवळ ३०० मीटर लांब असते, बाहेर कळतही नाही, उथळ पाण्यात मात्र उभी राहते. तसा आकडा दिसला तर मी तरी हे सगळं करत बसणार नाही, उजेड असतानाच नांगर उचलून निघेन.