पाण्याच्या मेन लाइनवरच्या व्हॉल्व्हच्या नोंदी ठेवायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

गावात चारशेच्या आसपास व्हॉल्व्ह, नकाशा जुना, आणि एका कंपनीनं डॅशबोर्डवालं सॉफ्टवेअर दाखवलंय, असं तुम्ही लिहिलंय. ते घेऊ नका. ऑफिसात क्यूजीआयएस, म्हणजे नकाशावर नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर, आणि मोबाईलवर त्याच्याशी जोडलेलं क्यूफील्ड हे ॲप घ्या. दोन्ही फुकट आहेत, क्यूफील्ड नेट नसतानाही चालतं, चारशे व्हॉल्व्हना पुरून उरेल. पण नोंद कोण करणार, हे तुम्ही विचारलेलंच नाही, आणि सगळं तिथंच अडतं.

मी सांगली जिल्ह्यातल्या नदीकाठच्या एका गावात पाणीपुरवठ्याला कंत्राटी अभियंता होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमचा खालचा भागही बुडाला. पाणी ओसरल्यावर लाइन चालू केली आणि त्याच रात्री २५० मिलिमीटरची मेन फुटली. आमच्या रजिस्टरात त्या व्हॉल्व्हची जागा लिहिली होती, 'पानटपरीसमोर, ४ फूट'. टपरी पुरात वाहून गेली होती. रस्ता कुठला आणि गटार कुठलं हेसुद्धा कळत नव्हतं, सगळीकडे गुडघाभर गाळ. आमच्याकडेही एका कंपनीचं विकत घेतलेलं सॉफ्टवेअर होतं, त्यात त्या जागी हिरवा ठिपका होता आणि पुढे 'चालू' असं लिहिलं होतं, बस्स.

आमचे व्हॉल्व्हमन, त्यांना सगळे मामा म्हणायचे, बॅटरी घेऊन देवळाच्या ओट्याच्या कोपऱ्याशी गेले. तिथून नऊ पावलं मोजली, पहार खाली घातली. दुसऱ्या घावाला झाकणाचा आवाज आला. गाळ उपसला, चावी बसवली आणि ते मोठ्यानं फेरे मोजायला लागले. एकविसाव्या फेऱ्याला चावी अडली. मी म्हटलं, दोघं मिळून जोर लावूया. "न्हाय ताई, हा बत्तीसला बसतो. मधी काय तरी आलंय. आता जोर लावला तर स्पिंडल जाईल." स्पिंडल म्हणजे चावीनं फिरतो तो व्हॉल्व्हचा दांडा. त्यांनी चार फेरे उलटे सोडले, पाण्याला जोरात वाहू दिलं, पुन्हा आवळलं. असं तीनदा केलं. चौथ्या वेळी बत्तीसला बसला आणि रस्त्यावरचं पाणी थांबलं.

बत्तीस हा आकडा त्यांच्या शंभर पानी वहीत होता, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेल्या. प्रत्येक व्हॉल्व्हचे फेरे, दांड्यापाशी गळती थांबवणारी ग्लँडची दोरी कधी बदलली, उन्हाळ्यात कुठला किती फेऱ्यांवर ठेवायचा, सगळं पेन्सिलीनं. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये फेऱ्यांचा रकानाच नव्हता.

त्यानंतर मी मामांच्या फोनवर क्यूफील्ड टाकलं, सगळे रकाने मराठीत करून दिले. नंबर, साइज, प्रकार, पूर्ण फेरे, आज किती फेऱ्यांवर ठेवला, शेवटी कधी फिरवला, फोटो. सहा दिवसांत त्यांनी साठ व्हॉल्व्ह भरले, तेही पाणी सोडण्याची रोजची पाळी सांभाळून. साहेबांना दाखवलं. म्हणाले, व्हॉल्व्हमनला मोबाईल दिला तर काम बंद पडेल, नोंदी ऑफिसातला ऑपरेटरच करेल. मी बराच वाद घातला, उपयोग झाला नाही. पुढे कंपनीचं वार्षिक शुल्क भरलं गेलं नाही, लॉगिन बंद झालं आणि हातात पीडीएफ राहिली. मामांच्या साठ नोंदी मात्र आजही उघडतात.

म्हणून माझं मत पक्कं आहे. जो चावी फिरवतो त्यानंच, त्याच दिवशी, त्याच चेंबरपाशी नोंद करायची. ऑफिसात बसून भरलेली नोंद ही जुन्या नकाशाची नक्कल असते. 'कायम बंद' हा रकाना विसरू नका. दोन झोनच्या हद्दीवरचा बंद व्हॉल्व्ह नव्या माणसानं उघडला तर वरच्या गल्लीत आठवडाभर पाणी चढत नाही आणि कारण कुणाला सापडत नाही.

फोनच्या जीपीएसवर विसंबू नका, अरुंद गल्लीत तो पाच-दहा मीटर सहज चुकतो. दोन पक्क्या कोपऱ्यांपासून टेपनं अंतर घ्या. देऊळ, शाळा, पुलाचा कठडा चालेल. टपरी, खांब, झाड नको. अर्धवट उघडे ठेवलेले स्लूस व्हॉल्व्ह (आतली पाती खाली-वर होऊन पाणी अडवणारे) वेगळे दाखवा, त्यांची सीट, म्हणजे पाती टेकते ती जागा, लवकर झिजते. कुणी ईपानेट सुचवेल, पण ते दाब आणि प्रवाहाचं गणित करायला आहे, नोंदींसाठी नाही. एकाच वेळी पाच-सहा जण भरणार असतील तर मात्र सगळ्यांच्या नोंदी एकत्र ठेवणारा, पोस्टजीआयएससारखा सर्व्हर लागेल आणि तो सांभाळणारा माणूसही. कंपनीचंच घ्यावं लागलं, तर सगळा डेटा सीएसव्हीत, म्हणजे एक्सेलमध्येही उघडणाऱ्या साध्या फाईलमध्ये, केव्हाही काढता येईल हे करारात लिहून घ्या.

सुरुवात एका वॉर्डापासून करा, तुमच्याकडच्या सगळ्यात जुन्या व्हॉल्व्हमनला सोबत घेऊन. वही आहे का, हे त्यांना आधी विचारा. आणि त्यांना मोबाईल जमणार नाही असं वरून कुणी म्हणालं, तर आमच्या मामांनी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी सहा दिवसांत साठ व्हॉल्व्ह भरले होते, हे त्यांना सांगा.