पंधरा-सोळा वर्षांनी पुन्हा गिटार सुरू करायची आहे, वय 43. बोटं वळतील का? सुरुवात कुठून करू?

वळतील. पण बोटांचं नंतर बघू, आधी माळ्यावरून उतरवलेल्या त्या गिटारकडे बघा. तुम्ही लिहिलंय की चार दिवस वाजवून पाहिली, साधी 'जी' (G) कॉर्डसुद्धा स्वच्छ वाजेना, एफ तर लागलाच नाही, म्हणून 'हात गेला' असं समजून परत कव्हरमध्ये घातली. हात जायचा तेव्हा जाईल. आत्ता गेलीये ती गिटार, असा माझा अंदाज आहे.

नोकरी, लग्न, बदल्या यांत माझीही दहाएक वर्षं अशीच गेली. परत वाजवायला लागल्यावर आपल्यासारखे बरेच जण भेटले, आणि त्यातले निम्मेअधिक एकाच जागी अडलेले होते: तारा फ्रेटपासून (गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून) फार वर गेलेल्या. स्टीलच्या साध्या 12 नंबरच्या (नंबर म्हणजे तारांची जाडी) सेटचा सहा तारांचा मिळून ताण 70 किलोच्या आसपास असतो. हा ताण तसाच ठेवून गिटार वर्षानुवर्षं माळ्यावर, त्यात आपल्याकडचा पावसाळा आणि मे महिन्यातली पत्र्याखालची भट्टी. गळा पुढे वाकतो, ब्रिजमागची (ब्रिज म्हणजे पोटावर तारा अडकवतात तो लाकडी भाग) फळी फुगते, तारा उचलल्या जातात. अशा गिटारवर रोज वाजवणाऱ्याचीही एफ कॉर्ड रडेल.

तपासायला दोन मिनिटं लागतात. सूर लावून घ्या. मुलांच्या कंपासातली स्टीलची पट्टी घ्या आणि बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंत अंतर मोजा. स्टीलच्या तारांना अडीच मिमीच्या आसपास असेल तर उत्तम, साडेतीन-चार भरलं तर तुमच्या चार दिवसांचा उलगडा झाला. मग तीच तार पहिल्या फ्रेटला आणि गळा जिथे पोटाला मिळतो त्या फ्रेटला एकाच वेळी दाबा आणि सहाव्या-सातव्या फ्रेटजवळ फट बघा. एखादं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं इतकी हवी. त्याहून बरीच जास्त असेल तर गळा वाकलाय.

गळ्यात ट्रस रॉड (गळ्याचा वाक कमी-जास्त करणारी आतली सळई) असेल तर दुरुस्ती सोपी, पण पहिल्या वेळी स्वतः पाना लावू नका. एका वेळी पाव फेरी, मग थांबून बघायचं, असं ते काम आहे आणि जुना गंजलेला नट जोर केला की निकामी होतो तो कायमचाच. स्वस्तातल्या जुन्या गिटारांमध्ये कित्येकदा फिरवता येणारा रॉड नसतोच. मग सॅडलची पट्टी (ब्रिजवर जिच्यावर तारा टेकतात ती) खालून घासतात. इथे एक हिशेब लक्षात ठेवा: बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, त्यामुळे तिथे एक मिमी उतरवायचा तर सॅडल दोन मिमी घासावं लागतं. घासलेलं परत वाढत नाही. गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे द्या आणि 'सेटअप करून हवाय, अ‍ॅक्शन खाली आणा' एवढं सांगा (अ‍ॅक्शन म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची). नव्या गिटारच्या मानाने खर्च किरकोळ असतो. म्हणून नवी घेण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. परतणाऱ्यांचा पहिला महिना बऱ्याचदा वाजवण्याऐवजी मॉडेलं बघण्यात जातो.

जुन्या तारा मात्र त्याच दिवशी काढून टाका. गंजलेली तार करवतीसारखी लागते आणि सुरातही राहत नाही. नवा सेट 10 नंबरचा घ्या, 12 चा नको. आवाज थोडा बारीक येईल, येऊ दे. आणखी एक सोय: सगळी गिटार अर्धा स्वर खाली लावा. ताण साधारण 11 टक्क्यांनी उतरतो, बोटाला फरक लगेच कळतो. मूळ पट्टी हवी असेल तेव्हा पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा).

आता बोटं. टोकं हुळहुळणार, पहिला आठवडा नकोसा वाटणार, आणि तीन-चार आठवड्यांत घट्टे पडून ते थांबणार. त्यासाठी रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं भली. भांडी घासून किंवा अंघोळ करून लगेच बसू नका, कातडी मऊ पडलेली असते. टोकं दुखणं ठीक. मनगट दुखलं किंवा हाताला मुंग्या आल्या तर त्या दिवशी गिटार खाली ठेवायची, आणि पुन्हा पुन्हा होत असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. 'सवय होईल' म्हणत रेटू नका.

परत काय लवकर येतं तर उजवा हात. स्ट्रमिंगची (तारांवरून हात फिरवत वाजवण्याची) लय दोन-चार दिवसांत सापडते. कानही जागा असतो, कधी कधी पूर्वीपेक्षा जास्त, कारण मधली वर्षं तुम्ही ऐकत तर होतातच. घात तिथेच होतो: कानाला कॉलेजातला वेग आठवतो आणि डाव्या हाताला तो झेपत नाही. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर लावा आणि सी ते जी, जी ते डी एवढंच फिरत राहा, तारांचा आवाज स्वच्छ येईपर्यंत. एफचा हट्ट महिनाभर सोडा. खालच्या चार बारीक तारांवरचा छोटा एफ धरा, गाणं अडत नाही.

वयाचा विषय निघाला की लोक हटकून पॅट मार्टिनोचं उदाहरण देतात. अमेरिकन जॅझ गिटारवादक, 1980 मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झाली, स्मृती गेली, आणि स्वतःच्याच जुन्या रेकॉर्ड ऐकून तो गिटार पुन्हा शिकला. गोष्ट खरी आहे, थोरही आहे, पण आपल्या कामाची नाही. त्याचं आयुष्यच गिटार होतं. आपल्याला मुलांचा अभ्यास आटोपल्यावर उरलेली पंधरा मिनिटं साधायचीत.

ती पंधरा मिनिटं नुसत्या कसरतीत घालवू नका, गात वाजवा. इथे कॅपो फार उपयोगी. काळी एकमध्ये गात असाल तर नेहमीच्या सुरातल्या गिटारवर पहिल्या फ्रेटला कॅपो लावून सीच्या पट्टीतल्या कॉर्ड वाजवा, झाली काळी एक. घरात कुणी काळी चारमध्ये गात असेल तर तोच कॅपो, पण 'जी'च्या पट्टीतल्या कॉर्ड. (गिटार अर्धा स्वर उतरवलेली असेल तर दोन्हीकडे कॅपो एक फ्रेट पुढे.) क्लासला जायचं की नाही हे दोन महिन्यांनी ठरवा, तेव्हा नेमकं काय अडतंय ते शिक्षकांना सांगता येईल.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही: तारा स्टीलच्या आहेत की नायलॉनच्या? ब्रिजवर तारांना गाठ मारून बांधलेलं दिसत असेल तर गिटार बहुधा नायलॉनची आहे. मग वरचं 10 नंबरचं सगळं विसरा. बाराव्या फ्रेटला जाड तारेखाली चार मिमीही चालतात, आणि दुकानदार काहीही म्हणाला तरी तिच्यावर स्टीलच्या तारा चढवू नका. तेवढा ताण तिला सोसत नाही, ब्रिज फळीवरून उखडून येतो.