रेडमाइन ५ वर गेल्यापासून नवे इश्यू सेव्ह होत नाहीत, प्लगइनही बसत नाही. डेटाबेस पुसून नव्याने सुरू करू का?

नाही. डेटाबेस पुसू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण एवढं आधी.

तुमच्या लांब प्रश्नातून मला कळलं ते असं. मकरपुरा जीआयडीसीतल्या तुमच्या कारखान्यात मशीनच्या तक्रारी रेडमाइनवर, म्हणजे कामं आणि तक्रारी (इश्यू) नोंदवायच्या वेब सॉफ्टवेअरवर, नोंदवतात. ४ वरून ५ वर गेल्यावर साइट उठेना. लॉगमध्ये एका प्लगइनचं नाव दिसलं म्हणून तुम्ही त्याचा फोल्डर काढून टाकलात. साइट उठली, जुने इश्यू दिसायला लागले, पण नवा इश्यू सेव्ह करताना ५०० (सर्व्हरची अंतर्गत चूक) येतो. मग त्याच प्लगइनची नवी आवृत्ती आणलीत, तर मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारं काम) मध्येच पडलं. पुन्हा चालवलं तर ‘टेबल ऑलरेडी एक्झिस्ट्स’. बॅकअप परत चढवला, तरी तेच. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की मोबाइलवरून टाकलेल्या काही नोंदीही अडकतात.

मीही बडोद्यातलाच. राहतो दांडिया बाजारात, आणि वाघोडिया रोडवरच्या एका कारखान्यात बरीच वर्षं हेच काम बघतो. ही चार वेगवेगळी दुखणी आहेत. तुम्ही एकच समजून एकच औषध शोधताय, म्हणून गोंधळ वाढतोय.

पहिलं दुखणं, साइट न उठणं, डेटाबेसचं नाहीच. २०२२ मध्ये आलेलं रेडमाइन ५ रेल्स ६.१ या वेब फ्रेमवर्कवर चालतं आणि फाइली लोड करायला झाइटवर्क वापरतं. फाइलचं नाव आणि तिच्या आतल्या क्लासचं किंवा मॉड्यूलचं नाव तंतोतंत जुळलं नाही, तर ते पुढे सरकतच नाही. आमच्याकडे एका प्लगइनच्या लिब फोल्डरात ‘व्हर्जन’ नावाची फाइल होती आणि आत तोच शब्द सगळा कॅपिटल अक्षरांत. झाइटवर्कला हवं होतं फक्त पहिलं अक्षर कॅपिटल. दोन ओळींची फाइल, पण प्रॉडक्शनमध्ये सगळ्या फाइली सुरुवातीलाच लोड होतात, त्यामुळे अख्खी साइट बसली. तुमच्या लॉगमध्ये नेमएरर असेल आणि ‘एक्स्पेक्टेड फाइल’ अशी सुरुवात असेल, तर हेच समजा. नवी आवृत्ती ५ साठी लिहिलेली असेल तर तिथे हा प्रश्न सुटलेला असतो. एक बारीक गोष्ट: झिप उतरवून घेतली की फोल्डरच्या नावाला बऱ्याचदा ‘मास्टर’ची शेपटी लागते. ती काढा. फोल्डरचं नाव आणि प्लगइनच्या इनिट फाइलमध्ये रजिस्टर केलेलं नाव एकच नसेल तर रेडमाइन ‘प्लगइन नॉट फाउंड’ म्हणतं, आणि समोर फोल्डर दिसत असताना माणूस चक्रावून जातो.

दुसरं दुखणं, नवा इश्यू सेव्ह न होणं. हे सगळ्यात आधी सोडवा, कारण पाळीवरच्या लोकांना आज तक्रार नोंदवता येत नाहीये आणि ते पुन्हा वहीकडे वळतील. एकदा वहीकडे गेलेला माणूस परत येत नाही, हे मी पाहिलंय.

प्रॉडक्शन लॉग उघडा, एक इश्यू सेव्ह करून बघा आणि त्या क्षणाची नोंद वाचा. माझा अंदाज आहे की ‘फील्ड डझन्ट हॅव अ डिफॉल्ट व्हॅल्यू’ असं काहीतरी असेल. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये त्या चुकीचा क्रमांक १३६४. फोल्डर काढला म्हणून प्लगइन डेटाबेसमधून जात नाही. त्याने इश्यूजच्या टेबलात स्वतःचा एक कॉलम घातलेला असतो, तो रिकामा चालत नाही असं सांगून ठेवलेलं असतं, आणि त्यात किंमत भरायचं काम प्लगइनचा कोड करत असतो. कोड गेला, कॉलम राहिला. जुने इश्यू वाचताना काही अडत नाही, कारण त्यात किंमत आहे. नवा लिहिताना ती भरणारं कुणी उरलेलं नाही.

मायएसक्यूएलमध्ये शो क्रिएट टेबल देऊन इश्यूजची रचना बघा. रेडमाइनचा नाही असा कॉलम लगेच ओळखू येईल, बहुधा शेवटी असतो. आधी डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) घ्या, मग ऑल्टर टेबल करून त्या कॉलमला नल (रिकामं) चालेल असं करा. एका ओळीचं काम आहे. काय बदललं ते तारखेसकट लिहून ठेवा, कारण पुढे प्लगइन परत बसवताना ते आठवायला लागेल. ही मलमपट्टी आहे, पण आजचा दिवस निघेल.

मग शांतपणे ठरवा: त्या प्लगइनमधली माहिती तुम्हाला हवी आहे का? हवी असेल तर तिसऱ्या दुखण्याकडे जा. नको असेल तर प्लगइन रीतसर उतरवा. रीत अशी की फोल्डर जागेवर असतानाच रेडमाइनच्या प्लगइन्स मायग्रेटची रेक आज्ञा द्यायची, नेममध्ये प्लगइनचं नाव, व्हर्जनमध्ये शून्य, वातावरण प्रॉडक्शन. त्याने प्लगइनची टेबलं आणि कॉलम जातात, त्यांतली माहितीही जाते. फोल्डर काढायचा तो त्यानंतर, आणि मग रीस्टार्ट.

तुम्ही म्हणाल, जुना फोल्डर परत ठेवला तर साइटच बसते, रेकसुद्धा चालत नाही. बरोबर, कारण रेक चालवतानाही रेडमाइन सगळी प्लगइनं लोड करतं. यातून मी अशी वाट काढतो: त्याच नावाचा फोल्डर करायचा, त्यात जुन्या आवृत्तीचा फक्त मायग्रेशनचा फोल्डर ठेवायचा आणि इनिट फाइलमध्ये नुसतं रजिस्टर करण्यापुरतं लिहायचं. बाकी कोड नाही, त्यामुळे झाइटवर्कला अडायला काही नाही. मायग्रेशनच्या फाइली प्लगइनच्याच एखाद्या मॉडेलवर अवलंबून नसतील तर शून्यापर्यंतचा परतीचा प्रवास निर्धोक होतो. जुना फोल्डर फेकला नसेल अशी आशा करतो.

आता तिसरं, ज्यावर तुमचा सगळ्यात जास्त वेळ गेलाय. ‘टेबल ऑलरेडी एक्झिस्ट्स’ ही खरी चूक नाही. खरी चूक पहिल्या वेळी झाली, आणि ही ओळ तिचा नुसता पडसाद आहे.

एका मायग्रेशनमध्ये समजा चार पायऱ्या आहेत. पहिल्या दोनमध्ये नवी टेबलं तयार झाली आणि तिसरी पडली. पोस्टग्रेएसक्यूएल असतं तर चारही पायऱ्या एकाच व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) धरून, चूक होताच सगळं मागे गेलं असतं. मायएसक्यूएलमध्ये टेबल तयार करणं किंवा बदलणं त्याच क्षणी पक्कं होतं, ते मागे घेता येत नाही. म्हणजे दोन टेबलं राहिली. इकडे स्कीमा मायग्रेशन्स नावाच्या टेबलात रेडमाइन प्रत्येक पूर्ण झालेल्या मायग्रेशनची नोंद करतं, प्लगइनची असेल तर ‘आकडा, आडवी रेघ, प्लगइनचं नाव’ अशी. अर्ध्यात पडलेल्याची नोंद होत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी ते पहिल्या पायरीपासून सुरुवात करतं आणि स्वतःच्याच टेबलाला अडखळतं.

मग बॅकअप चढवूनही तेच का? कारण डंपमध्ये ज्या टेबलांचा पत्ता आहे तेवढीच टेबलं आधी पाडून नव्याने भरली जातात. ही दोन टेबलं बॅकअपनंतर जन्मलेली. डंपला ती माहीतच नाहीत, म्हणून ती जशीच्या तशी उभी राहतात. तुमचा बॅकअप चांगला आहे, फक्त तो भरलेल्या घरात उतरवलात.

तो रिकाम्या घरात उतरवा. नवा, कोरा डेटाबेस तयार करा आणि डंप त्यात भरा. पण एक गोष्ट बघून मगच: अपग्रेडनंतर जे थोडेफार बदल झाले असतील, जुन्या इश्यूंवरच्या नोंदी, बंद केलेल्या तक्रारी, त्या या बॅकअपमध्ये नसतील. म्हणून चालू डेटाबेसला हात लावू नका, त्याचाही वेगळा डंप ठेवा, आणि फाइल्सचा फोल्डर विसरू नका, जोडलेले फोटो तिथे असतात. रेडमाइनची एक प्रत शेजारी ठेवून तिच्या डेटाबेसच्या यामल फाइलमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) नवं नाव द्या. आधी रेडमाइनचं स्वतःचं मायग्रेशन, ते नीट झाल्यावर प्लगइनचं. या वेळी पडलं तर पहिली ओळ वाचा, तीच खरी. आणि ती सापडली की नवा डेटाबेस पाडून पुन्हा कोऱ्यापासून. कंटाळवाणं आहे, पण प्रत्येक वेळी जमीन सपाट असते.

एक सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल, की स्कीमा मायग्रेशन्समध्ये हाताने नोंद घाला म्हणजे ते मायग्रेशन वगळलं जाईल. मी एकदा तसं केलं होतं. साइट चालू झाली, सगळे खूश. पण तिसऱ्या आणि चौथ्या पायरीतले कॉलम कधी तयारच झाले नाहीत, आणि काही महिन्यांनी एका रिपोर्टचं पान उघडताना ते बाहेर आलं. तोवर जुनं काही आठवत नव्हतं. दोन रात्री गेल्या. करू नका.

चौथं, मोबाइलवरच्या नोंदी. त्याचा प्लगइनशी संबंध नाही. आमच्याकडे रात्रपाळीचा एक ऑपरेटर गुजरातीत तक्रार लिहायचा आणि ती दर वेळी अडकायची. सुपरवायझरने जाहीर केलं की या सॉफ्टवेअरला गुजराती चालत नाही, आणि लोक इंग्रजी लिपीत लिहायला लागले. मला ते मनापासून खटकलं. ज्याला मशीनचा आवाज आपल्या भाषेत नीट सांगता येतो, त्याला तोडक्यामोडक्या इंग्रजीत ढकलायचं कशासाठी? त्याच्याजवळ बसून पाहिलं. लेथच्या स्पिंडलमधून घरघर येते, तेल बदललं तरी थांबत नाही, असं त्याने व्यवस्थित लिहिलं आणि शेवटी वर केलेल्या अंगठ्याचं चित्र टाकलं. अडत होतं ते चित्र.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरी अक्षराला तीन बाइट लागतात, गुजराती अक्षरालाही तीनच. इमोजीला चार. मायएसक्यूएलचं जुनं ‘यूटीएफ८’ नावाला यूटीएफ-८, पण तीन बाइटांपर्यंतच साठवतं. चौथा आला की ‘इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू’, क्रमांक १३६६, आणि अख्खी नोंद नाकारली जाते. उपाय म्हणजे डेटाबेस, टेबलं आणि यामल फाइलमधलं एन्कोडिंग, तिन्ही यूटीएफ८एमबी४ करणं. एकच बदललं तर फरक पडत नाही.

मायएसक्यूएल ५.६ किंवा त्याहून जुनं असेल तर बदलताना ‘स्पेसिफाइड की वॉज टू लाँग’ येऊ शकतं. २५५ अक्षरांचा कॉलम गुणिले तीन म्हणजे ७६५ बाइट, इंडेक्सची मर्यादा ७६७, म्हणून आजवर बसत होतं. गुणिले चार म्हणजे १०२०. तिथे इंडेक्स तोकडे करत बसण्यापेक्षा सर्व्हर ८ वर न्या, कोरा डेटाबेस तयार करायचाच आहे तर तो तिथेच करा. जुन्या क्लायंटने डंप घेताना कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ असा सांगूनच घ्या, नाहीतर आधी नीट साठलेल्या इमोजींच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

इश्यूजच्या टेबलाची रचना आणि १३६४ ची ओळ इथे खाली लिहा, मी बघतो. आणि प्रॉडक्शन लॉगची प्रत आजच बाजूला काढून ठेवा. तुमच्या सर्व्हरवर लॉग फिरवायची सोय लावलेली असेल तर मायग्रेशन पहिल्यांदा पडलं त्या रात्रीची ओळ काही दिवसांत पुसली जाईल, आणि मला बघायची आहे ती तीच.