बाबा ६८ वर्षांचे आहेत, गुडघे कुरकुरतात. दादरमध्ये त्यांनी पुन्हा सायकल सुरू करावी का?

जरूर करू द्या, फक्त आधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः बीपी किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल तर. सायकलवर शरीराचा बराचसा भार सीट पेलते, त्यामुळे गुडघ्यांना हादरे कमी बसतात आणि मांड्या बळकट होतात. फ्रान्सच्या रॉबेर मार्शां यांनी २०१७ मध्ये, वयाच्या १०५व्या वर्षी, एका तासात साडेबावीस किलोमीटर सायकल चालवली!

खरी मेख सीटच्या उंचीत आहे. पाय टेकावेत म्हणून ती फार खाली ठेवली की गुडघा जास्त दुमडतो आणि दुखतो. पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवून पाहा, पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. मधला आडवा दांडा नसलेली, आपण लेडीज म्हणतो तीच सायकल घ्या. चढता-उतरताना पाय उंच टाकावा लागत नाही, आणि या वयात तोल जातो तो तिथेच.

सकाळी सहाच्या आत शिवाजी पार्कच्या भोवती चालवावी, हेल्मेट घालूनच. पावसाळ्यात मात्र ओले पेव्हर ब्लॉक आणि गटारांची झाकणं भयंकर निसरडी होतात, तेव्हा घरी स्टॅटिक सायकल बरी. सायकलने हाडांना फारसं बळ मिळत नाही, म्हणून रोजचं चालणं सोडू नये.