घोडं ४.३ वरच का अडतं?

प्रश्न : ताई, मी सांगलीत डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, फ्लेक्स, संस्थांचे अहवाल. सेकंडहँड कोअर आय-सेव्हन ८७०० आणि बोर्ड घेतला, आणि माझ्या जुन्याच कॅबिनेटमध्ये जुन्याच एसएमपीएसवर (वीज पुरवणाऱ्या डब्यावर) बसवून घेतला. सुरुवातीला काम तसंच सोडून चहाला गेलो, की परत येईपर्यंत मशीन गोठलेलं असायचं. एका व्हिडिओत सांगितलं म्हणून बायोसमध्ये सी-स्टेट्स (रिकाम्या प्रोसेसरला झोपवायच्या पायऱ्या) बंद केल्या आणि हँग होणं थांबलं. पण माहितीपत्रकात ४.६ गिगाहर्ट्झ लिहिलंय आणि माझ्याकडे ४.३ च्या वर आकडा कधीच जात नाही. काम नसतानाही पंखा घोंघावतो. प्रोसेसर खराब निघाला का?

उत्तर : नाही, प्रोसेसर उत्तम आहे. ४.३ हा नेमका आकडा तुम्ही लिहिलात, त्यावरूनच दुखणं कळलं.

८७०० मध्ये सहा कोअर आहेत. माहितीपत्रकातला ४.६ हा एकच कोअर जागा असतानाचा वेग. दोन जागे असतील तर ४.५, तीन असतील तर ४.४, आणि चार, पाच किंवा सहाही जागे असतील तर ४.३. हा तक्ता प्रोसेसरमध्येच पक्का केलेला आहे. आता ‘जागा’ कोणाला म्हणायचं? कोअर रिकामा असला, पण नुसता सी१ या हलक्या डुलकीत असला, तरी इंटेलच्या हिशोबात तो जागाच. सी३ किंवा सी६ पर्यंत खाली गेला तरच तो झोपलेला मानतात. तुम्ही सी-स्टेट्स बंद केल्यात, म्हणजे सहाही जण कायम जागे, आणि मग तक्त्यातली शेवटची ओळ लागू : ४.३. वर सहाही कोअर रिकामे असताना वीज खात बसतात, म्हणून पंखा थांबत नाही.

वेगासाठी झोप बंद करा, असं सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत आणि त्यांचा मला मनापासून राग येतो. सी६ मधून कोअर जागा व्हायला साधारण ८५ मायक्रोसेकंद लागतात. तुमच्या मॉनिटरवर एक चित्र बदलायला त्याच्या जवळजवळ दोनशे पट वेळ जातो. पत्रिकेच्या कामात ही दिरंगाई तुम्हाला कधीच जाणवणार नाही. उलट कोरलमधली बरीच कामं एकाच कोअरवर चालतात, त्यामुळे बाकीचे झोपले तरच तुमचा फायदा. फरक फार मोठा नाही हेही सांगते, ४.३ आणि ४.६ मध्ये जेमतेम सात टक्के.

माझी खरी काळजी दुसरीच आहे : तो जुना एसएमपीएस. मशीन कामात असताना नीट चालतं आणि मोकळं बसलं की गोठतं, ही उलटी लक्षणं आहेत. २०१३ मध्ये इंटेलचे हॅसवेल प्रोसेसर आले, तेव्हा सगळा प्रोसेसर गाढ झोपला की १२ व्होल्टच्या लाइनवरचा भार ०.०५ अँपियरपर्यंत उतरू लागला. त्याआधीचे कित्येक एसएमपीएस किमान अर्धा अँपियर ओढला जाईल असं धरून बनवलेले होते. इतक्या कमी भारावर त्यांचं व्होल्टेज डगमगतं, कधी ते बंदच पडतात. व्हिडिओतल्या उपायाने हँग थांबलं, कारण भार कधी कमीच होईना. दुखणं तिथंच राहिलं. गिऱ्हाइकांच्या फाइली ज्या मशीनवर आहेत, त्याला असा एसएमपीएस ठेवू नका.

आधी ओळखीतून एखादा अलीकडचा चांगला एसएमपीएस आठवडाभर मागून घ्या. बायोसमध्ये सी-स्टेट्स चालू करा आणि मशीन मुद्दाम रिकामं सोडत जा. गोठलं नाही, तर नवा घ्यायचा निर्णय झाला. तोवर काम अडू नये म्हणून मधला मार्ग आहे : कोअरच्या सी-स्टेट्स चालू ठेवायच्या आणि ‘पॅकेज सी-स्टेट लिमिट’ (अख्ख्या चिपच्या झोपेची मर्यादा) सर्वात उथळ पायरीवर आणायची. म्हणजे कोअर एकेकटे झोपतील, अख्खी चिप खोल जाणार नाही. पण यातही गोठलं, तर एसएमपीएस बदलेपर्यंत तुमची सध्याचीच सेटिंग बरी.

नंतर ४.६ शोधायला बसाल, तेव्हा एक लक्षात ठेवा. वेग मोजणारं सॉफ्टवेअर दर वेळी प्रत्येक कोअरला हाक मारतं, आणि त्या हाकेने झोपलेले उठतात. दोन-तीन सेकंदांनी एकदा वाचन घ्या, ब्राउझर बंद ठेवा, एकाच थ्रेडची, म्हणजे एकाच कोअरला काम देणारी चाचणी चालवा. मध्येच ४.६ चमकेल, बहुतेक वेळ ४.४ ते ४.५ दिसेल. विंडोजला मागे सतत काही ना काही काम असतंच, तेव्हा एवढं दिसलं की गडी ठणठणीत आहे असं समजा. आकडा ३.२ वर ठप्प झाला, तर मात्र पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ पाहा. ते ९९ टक्के केलेलं असलं की टर्बो, म्हणजे मूळ ३.२ च्या वरचा वेग, बंदच राहतो.

प्रश्न : लॅपटॉपचा चार्जर जळाला म्हणून बाजारातून दुसरा घेतला. तेव्हापासून टास्क मॅनेजर कायम ०.७९ गिगाहर्ट्झ दाखवतो. विंडोज नव्याने टाकूनही फरक नाही. (वाचक, जळगाव)

उत्तर : चार्जर काढा आणि नुसत्या बॅटरीवर चालवून बघा. वेग परत आला, तर गुन्हेगार चार्जरच. काही कंपन्यांचे लॅपटॉप मधल्या बारीक पिनमधून चार्जरची ओळख विचारतात. ओळख पटली नाही की बोर्ड प्रोसेसरला ‘गरम झालंय, थांब’ असा खोटा इशारा देतो, आणि बहुधा बॅटरीही चार्ज होत नाही. थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरमध्ये ‘बीडी प्रॉचॉट’ची (बोर्डाचा हा इशारा मानायची) खूण काढली की वेग मोकळा होतो. पण ते निदानापुरतंच करा. प्रोसेसर स्वतःला तापण्यापासून वाचवेल, बोर्डावरच्या इतर भागांना मात्र तोंड उघडायची सोय उरत नाही. जळगावच्या मे महिन्यात तो धोका पत्करू नका. त्याच वॅटचा, ओळख देणारा चार्जर घ्या.

प्रश्न : फोटो साठवायला जुना कॉम्प्युटर लिनक्स टाकून दिवसरात्र चालू ठेवतो. पॉवरटॉप या वीजवापर दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कोअर सी७ ला जातात, पण पॅकेज (अख्खी चिप) सी२ च्या खाली उतरत नाही. (वाचक, म्हापसा)

उत्तर : कोअर झोपले, पण घरात कोणीतरी एक जागं आहे. बहुतेकदा ते पीसीआय एक्स्प्रेसवरचं असतं : जादा लावलेलं साटा कार्ड, लॅन कार्ड किंवा एनव्हीएमई. बायोसमध्ये एएसपीएम (या कार्डांच्या जोडणीला झोपवणारी सोय) चालू आहे का ते पाहा, मग कार्डं एकेक काढून पॉवरटॉप पुन्हा बघा. सुरुवात साटा कार्डापासून करा. चोवीस तास चालणाऱ्या मशीनवर १५ वॅट वाचले तरी महिन्याला जवळजवळ ११ युनिट होतात.